घोडा ओढत नाही, ढकलतो: ओढकामाच्या घोड्यांची ओळख

मोबाइलवर अधूनमधून एक चित्रफीत फिरत असते. एक माणूस घोड्याशेजारी उभा असतो, घोड्याची पाठ त्याच्या डोक्याच्याही वर असते आणि घोड्याचे खूर जेवणाच्या ताटाएवढे दिसतात. खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे हे खरे की संगणकाने बनवलेले? हल्ली अशी शंका घेणे योग्यच आहे, परंतु असे घोडे खरोखर असतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला ‘बिग जेक’ हा बेल्जियन जातीचा घोडा २१० सेंटिमीटर उंच होता आणि तो २०२१ मध्ये वारला. इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात १८४६ साली जन्मलेल्या ‘सॅम्पसन’ नावाच्या शायर घोड्याची उंची २१९ सेंटिमीटर नोंदलेली आहे आणि त्याचे वजन सुमारे १५२४ किलो असल्याचे सांगितले जाते. घोड्याची उंची कानांपर्यंत मोजत नाहीत. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. म्हणजे या घोड्यांचे डोके त्याहून कितीतरी वर असणार.

मात्र ‘हा घोडा एवढा मोठा का?’ या प्रश्नाचे उत्तर उंचीत सापडत नाही. ते त्याच्या कामात सापडते आणि ते काम नीट समजून घेतले तर घोड्यांच्या बाकीच्या जातींकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

प्राणी एकच, कामे निरनिराळी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड, वाळवंटातून आलेला अरबी, टोकांशी एकमेकांना भिडणाऱ्या कानांचा मारवाडी, धनगरांच्या तांड्यासोबत संसार वाहून नेणारे भीमथडीचे तट्टू आणि इंग्लंडचा शायर हे सारे एकाच प्राण्याचे प्रकार आहेत. त्यांचा आपसांत संकर होतो आणि होणारे शिंगरू पुढे प्रजननक्षमही असते. घोडा आणि गाढव यांचे तसे नाही. त्यांच्या संकरातून खेचर जन्मते आणि खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत.

जाती घडल्या त्या माणसाच्या निवडीतून. ज्याला वेग हवा होता त्याने वेगवान घोडा आणि वेगवान घोडी यांची जोडी लावली. ज्याला चिखलातून नांगर ओढून हवा होता त्याने आपल्या गावातल्या सर्वांत जड आणि शांत घोड्याकडे आपली घोडी नेली. वीस-पंचवीस पिढ्यांत या निवडीचा परिणाम हाडांत, स्नायूंत आणि स्वभावात उतरतो. पहिल्या प्रकारातून शर्यतीचे घोडे आले आणि दुसऱ्यातून ओढकामाचे. नांगर, गाडी, लाकडाचे ओंडके, तोफा असे काहीही दिवसभर संथ चालीने ओढण्यासाठी पैदास केलेला जड बांध्याचा घोडा म्हणजे ओढकामाचा घोडा, एवढी व्याख्या या लेखासाठी पुरे आहे.

फरक किती, हे आकड्यांत पाहू. अरबी घोडा साधारण ३६० ते ४५० किलोंचा आणि दीड मीटरच्या आसपास उंचीचा असतो. थरोब्रेडचे वजन बहुधा ४५० ते ५५० किलो आणि उंची १६० सेंटिमीटरच्या थोडी वर असते. ओढकामाचे घोडे ७०० किलोंपासून सुरू होतात आणि हजार किलोंच्या घरात सहज जातात. शायर वळूची उंची किमान १७३ सेंटिमीटर असावी, असा त्या जातीचा संकेत आहे. उंचीतला फरक वीत-दीड वितीचा आहे, पण वजन मात्र दुप्पट आहे. मला तर हाच खरा लक्षात ठेवण्याजोगा आकडा वाटतो, कारण या घोड्यांचे वेगळेपण रुंदीत, हाडांच्या जाडीत आणि मांसल पुठ्ठ्यांत अधिक आहे.

जोर येतो कुठून?

घोडा गाडी ओढतो असे आपण म्हणतो, पण त्याच्या शरीराच्या दृष्टीने पाहिले तर तो ढकलत असतो. त्याच्या खांद्यांवर एक जाड गादीचे कडे बसवलेले असते. घोडा मागचे पाय जमिनीत रोवतो, पुठ्ठ्यांचे स्नायू आवळतो आणि सगळे शरीर पुढे झुकवून त्या कड्यावर रेटतो. कड्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले पट्टे किंवा साखळ्या मागच्या ओझ्याला बांधलेल्या असतात, म्हणून ओझे मागून येते.

रस्सीखेचीच्या खेळात संघाच्या शेवटी सर्वांत वजनदार गडी का उभा करतात, हे आठवून पाहा. त्याचे दंड इतरांपेक्षा बळकट असतीलच असे नाही, पण तो टाचा रोवून मागे रेलला की त्याचे वजनच दोरीवर लागते आणि जड असल्यामुळे त्याचे पायही सहजी घसरत नाहीत. ओढकामाच्या घोड्याचे गणित तेच आहे, फक्त दिशा उलटी. पाय घसरले तर स्नायूंची ताकद फुकट जाते आणि पायाची जमिनीवरची पकड वजनावर अवलंबून असते. म्हणून ४५० किलोंच्या चपळ घोड्याला हजार किलोंच्या घोड्याइतके ओझे हलवता येत नाही, मग तो कितीही जातिवंत असो.

बाकीची रचनाही याच कामाला जुळणारी आहे. छाती रुंद आणि पाठ आखूड असते, म्हणजे मागच्या पायांचा रेटा मधे न हरवता खांद्यांपर्यंत पोचतो. शर्यतीच्या घोड्याचा खांदा मागे तिरपा झुकलेला असतो, त्यामुळे त्याची टांग लांब पडते. ओढकामाच्या घोड्याचा खांदा त्या मानाने उभा असतो, त्यामुळे कडे नीट बसते. खूर रुंद असतात, त्यामुळे मऊ जमिनीत ते कमी रुततात. स्नायूंमध्येही भेद आहे. झटकन आकुंचन पावणारे आणि लवकर थकणारे तंतू थरोब्रेडच्या पुठ्ठ्यात फार मोठ्या प्रमाणात असतात, तर जड घोड्यांत सावकाश आकुंचन पावणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या तंतूंचा वाटा तुलनेने मोठा असतो.

या कड्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण घोड्याची सारी ताकद त्यातूनच जाते. बैलाला निसर्गाने वशिंड दिले आहे. जू वशिंडाच्या पुढे टेकले की बैल मान खाली घालून रेटू शकतो. घोड्याला वशिंड नाही आणि त्याची मान वर उठलेली असते, त्यामुळे त्याच्यावर जू ठरत नाही. प्राचीन काळी घोड्याच्या गळ्यावरून आणि छातीवरून पट्टा घेत असत, आणि जोर लावताना तो वर सरकून श्वासनळीवर येण्याची भीती असे. जुन्या साजाने घोडा नेमका किती अडत असे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु गादीचे कडे आल्यावर काम सुकर झाले हे सर्वांना मान्य आहे. ते आधी चीनमध्ये वापरात आले आणि नवव्या-दहाव्या शतकापर्यंत युरोपात रुळले.

चांगले कडे बाहेरून चामड्याचे असते, आत पेंढा किंवा लोकर ठासून भरलेली असते आणि वरून लाकडाच्या किंवा धातूच्या दोन वाकड्या पट्ट्या आवळलेल्या असतात. ओझ्याकडे जाणारे पट्टे किंवा साखळ्या या लाकडी वा धातूच्या पट्ट्यांना जोडतात. कडे घातल्यावर खालच्या बाजूला, गळ्याशी, आपला तळहात आडवा सरकेल एवढी जागा राहिली पाहिजे. त्याहून कमी असेल तर घोडा गुदमरतो आणि जास्त असेल तर कडे डुलते व खांद्याची कातडी सोलवटते. कामाच्या हंगामात घोडा वाळला की तेच कडे सैल होते, म्हणून जाणते लोक एकाच घोड्यासाठी दोन मापांची कडी ठेवतात. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी करतात, जू टेकते त्या जागेला लोणी-हळद चोळतात, त्यामागची जाणीव हीच आहे. ओढणाऱ्या जनावराची सर्वांत नाजूक जागा तीच, जिच्यावर सगळा भार येतो.

एक अश्वशक्ती म्हणजे एका घोड्याची शक्ती का?

मोटारपंपावर ‘५ अश्वशक्ती’ असे लिहिलेले पाहून तो पंप पाच घोड्यांएवढा, असे वाटणे स्वाभाविक आहे. हे माप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉटने रूढ केले. त्याला आपली वाफेची यंत्रे गिरण्या आणि मद्याचे कारखाने चालवणाऱ्यांना विकायची होती आणि त्या लोकांचा पहिला प्रश्न असे की तुमचे यंत्र किती घोड्यांचे काम करील? म्हणून वॉटने गिरणीचे चाक फिरवणाऱ्या घोड्याचा हिशेब मांडला. घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि सुमारे ८२ किलोंचा जोर लावतो, असे धरून आलेला आकडा त्याने थोडा वर नेऊन ठरवला. आजच्या भाषेत ती शक्ती ७४६ वॉट होते.

येथे जोर आणि शक्ती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. किती किलोंचा ताण लावला तो जोर, आणि तो ताण लावून किती वेगाने पुढे गेले, त्यावरून ठरते ती शक्ती. घोडा दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के जोर लावू शकतो, असा जुना अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणजे ७५० किलोंचा घोडा ७५ किलोंचा जोर लावून ताशी चार किलोमीटर चालला की ती जवळजवळ एक अश्वशक्तीच होते, किंचित जास्तच. वॉटचे माप अशा जड घोड्याला चपखल बसते, मात्र त्या काळातल्या सर्वसाधारण घोड्याला दिवसभर इतके काम झेपत नसे.

थोड्या वेळासाठी मात्र घोडा याच्या अनेक पट शक्ती काढतो. १९२५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्याच्या जत्रेत घोड्यांच्या ओढण्याच्या स्पर्धेत ताण मोजण्याचे यंत्र लावले होते. त्या नोंदींवरून दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की काही सेकंदांपुरती एका घोड्याची शक्ती जवळजवळ १५ अश्वशक्तीपर्यंत जाते. त्यामुळे ‘घोड्यात किती अश्वशक्ती असते’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. दिवसभराची सुमारे एक, क्षणभराची पंधरा.

मग वीस-तीस टनांच्या गोष्टी खोट्या?

दोन घोड्यांनी प्रचंड ओझे ओढल्याची छायाचित्रे पाहून वाचक गोंधळतात. ज्याचा दिवसभराचा जोर ७५ किलो आहे, तो टनावारी माल कसा हलवील? उत्तर असे की ओझे उचलायला जितका जोर लागतो तितका ते सरकवायला लागत नाही. चांगल्या कठीण रस्त्यावर चाकांच्या गाडीला तिच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास जोर पुरतो, म्हणजे ७५ किलोंच्या जोराने तीन-साडेतीन टनांची गाडी चालू राहते. लोखंडी रुळांवर हे प्रमाण आणखी बरेच खाली येते. मुंबईत १८७४ साली सुरू झालेल्या ट्राम घोडेच ओढत होते, विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. प्रवाशांनी भरलेला तो डबा अवाढव्य घोड्यांवाचून चालू शकला, तो रुळांच्या जोरावर. कालव्यातली नाव तर याहूनही हलकी जाते, आणि इंग्लंडच्या कालव्यांवर काठाने चालणारा एकेक घोडा तीसेक टन माल ओढत असे.

सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र मिशिगनमधल्या जंगलतोडीचे आहे. शिकागोच्या १८९३ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथल्या लाकूडतोड्यांनी एका घसरगाडीवर ओंडक्यांचा डोंगर रचला आणि घोड्यांच्या एका जोडीने तो हलवला. त्या काळी जंगलातल्या वाटांवर रात्री पाणी शिंपडून त्यांचा गुळगुळीत बर्फ करीत असत. त्या चित्रात घोड्यांचे श्रेय आहेच, पण बर्फाचेही आहे, आणि वाट सांगितल्याशिवाय नुसते ओझे सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. ढेकळांच्या रानात खोल नांगर धरला तर हेच घोडे काही तासांत घामाघूम होतात.

मातीने घडवलेल्या जाती

युरोपात ओढकामाच्या डझनांहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येकीवर तिच्या प्रदेशाची छाप आहे. शायर इंग्लंडच्या मध्य भागातला असून सर्वांत उंच आहे, आणि त्याच्या पायांवर गुडघ्याखाली लांब केसांचे झुबके असतात. क्लाइड्सडेल हा स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या खोऱ्यातला असून चालताना तो पाय उंच उचलतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वसाहतींत शेती उभी राहिली त्यात त्याचा मोठा हात होता. बेल्जियममधला ब्राबाँ सर्वांत रुंद. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातला पेर्शेराँ बहुधा करडा किंवा काळा असतो. जड असूनही तो दुडकी चाल चांगली चालतो, म्हणून पॅरिसच्या रस्त्यांवर माणसांनी भरलेल्या बसगाड्या ओढायला तो पसंत केला जाई.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इंग्लंडच्या पूर्वेकडचा सफोक पंच. तिथली जमीन चिकणमातीची आहे. अशा मातीत पायांना केसांचे झुबके असतील तर संध्याकाळपर्यंत त्यांत चिखलाचे गोळे बसतात, कातडी ओली राहते आणि तिला इजा होते. तिथल्या शेतकऱ्यांनी म्हणून स्वच्छ, बिनकेसांचे पाय निवडले. उंची बेताची, पाय आखूड आणि धड पिंपासारखे ठेवले, जेणेकरून रेटा जमिनीलगत राहील. रंग मात्र कायम तांबूसच, दुसरा नाहीच. आज हयात असलेल्या प्रत्येक सफोकची नरवंशावळ १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत पोचते. ट्रॅक्टर आल्यावर या जातीची अशी वाताहत झाली की १९६६ साली अवघ्या नऊ शिंगरांची नोंद झाली. ती अजून पुरती सावरलेली नाही. ब्रिटनमध्ये शायर आणि क्लाइड्सडेलही जपणुकीची गरज असलेल्या जातींत गणले जातात.

‘थंड रक्ताचे’ म्हणजे काय?

घोड्यांविषयी वाचताना ‘थंड रक्ताचा’, ‘गरम रक्ताचा’ आणि ‘कोमट रक्ताचा’ असे शब्द येतात. रक्ताच्या तापमानाशी यांचा काही संबंध नाही, कारण निरोगी घोड्याचे तापमान जात कोणतीही असो, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. हे शब्द स्वभावाचे आहेत. अरबी आणि थरोब्रेड चटकन बिथरणारे व तडफदार म्हणून गरम, ओढकामाचे घोडे शांत म्हणून थंड, आणि दोहोंच्या संकरातून आलेले स्वारीचे युरोपीय घोडे कोमट.

ही शांतता निवडीनेच आली आहे, कारण टनभर वजनाचा बुजरा घोडा घरात ठेवणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. मे २०२३ मध्ये लंडनला राज्याभिषेकाची मिरवणूक निघाली तेव्हा चांदीचे मोठे नगारे वाहणारे धिप्पाड घोडे पुष्कळांनी टीव्हीवर पाहिले असतील. ते शायर किंवा क्लाइड्सडेल यांच्या वंशाचे असतात. स्वाराचे दोन्ही हात नगारे वाजवण्यात गुंतलेले असल्यामुळे लगाम रिकिबीला जोडलेला असतो आणि तो पायांनी घोडा वळवतो. कानाजवळ नगारा वाजत असताना गर्दीतून सरळ चालणे सगळ्याच घोड्यांना जमणारे नाही. पशुवैद्यही सांगतात की या घोड्यांना गुंगीचे औषध वजनाच्या हिशेबाने कमी लागते, आणि थरोब्रेडच्या प्रमाणात दिले तर ते जास्त होते.

सरदारांचे युद्धाश्व असेच होते ना?

चिलखत घातलेला युरोपीय सरदार आणि त्याच्याखाली हत्तीएवढा घोडा, हे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे. हाडांचा पुरावा वेगळेच सांगतो. इंग्लंडमधल्या उत्खननांत सापडलेल्या, चौथ्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यानच्या घोड्यांच्या हाडांचा मोठा अभ्यास अलीकडे झाला, आणि त्यात मध्ययुगातले बहुतेक घोडे १४८ सेंटिमीटरच्या आतले निघाले. आज त्यांना आपण तट्टूच म्हणू. अवाढव्य घोडे ही मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांची निर्मिती आहे. पक्के रस्ते, कालवे, बंदरे, कोळसा आणि मद्याची पिंपे यांची वाहतूक वाढली, जड लोखंडी नांगर आले, आणि तेव्हा जड घोड्याला भाव आला. क्लाइड्सडेल, सफोक, शायर आणि पेर्शेराँ या जातींच्या संस्था आणि वंशावळीच्या वह्या १८७० आणि १८८० च्या दशकांतच सुरू झाल्या, हा योगायोग नव्हे.

जितका मोठा तितका चांगला?

तसे मुळीच नाही. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची सारख्या प्रमाणात दुप्पट केली तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणजे आकार वाढत जातो तसतसा प्रत्येक हाडावर, सांध्यावर आणि खुरावर येणारा भार वाढत जातो. कातडीचे क्षेत्रफळही वजनाच्या मानाने घटते, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकणे कठीण होते. थरोब्रेड ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने धावतो, अरबी घोडा एका दिवसात १६० किलोमीटरची शर्यत पुरी करतो. जड घोड्याला यांतले एकही जमत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आजारांचेही तसेच आहे. बेल्जियन आणि पेर्शेराँ जातींत एका जनुकीय दोषाचे प्रमाण मोठे आहे. या दोषामुळे स्नायूंत साखरेचा साठा बेसुमार होतो, काम करताना स्नायू ताठरतात आणि घोडा जागच्या जागी अडतो. अशा घोड्यांना धान्याची चंदी कमी करून चाऱ्यावर आणि नियमित कामावर ठेवावे लागते. शायर, क्लाइड्सडेल आणि बेल्जियन यांच्या पायांना हळूहळू वाढणारी सूज येते. दाट केसांखाली ती लवकर दिसत नाही आणि दिसते तेव्हा ती बरी करता येत नाही.

प्रदर्शनांत उंच घोड्यांना बक्षिसे मिळत गेल्यामुळे अमेरिकेत एकाच जातीचे जणू दोन प्रकार झाले आहेत. रिंगणात दाखवायचे उंच, लांब पायांचे घोडे वेगळे आणि शेतात राबणारे बुटके, रुंद घोडे वेगळे. माझे मत स्पष्ट आहे की केवळ उंचीसाठी पैदास करणे म्हणजे त्या जातीचे नुकसान करणे होय. शेतात काम करणाऱ्यांना कडे चढवण्यासाठी शिडी लागेल असा घोडा नकोच असतो.

ओझे ओढायला लावणे हे क्रौर्य नाही का?

हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला एका शब्दाचे उत्तर नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निकालानंतर बंद झाल्या, त्यामागे घोड्यांच्या हालअपेष्टांच्या तक्रारी होत्या. कडक डांबर, भर उन्हाचे तास, अपुरे पाणी, कोंदट तबेला, झिजलेले नाल या गोष्टी कोणत्याही घोड्याला सोसवत नाहीत. परंतु जोर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, कडे मापाचे, मधूनमधून विसावा आणि जमीन मऊ असेल तर ओढकामाचा घोडा उत्तम राहतो, किंबहुना काम न मिळाल्यास त्याचे वजन वाढते आणि वर सांगितलेले स्नायूंचे दुखणे बळावते. क्रौर्य ओढण्यात आहे की ओढायला लावण्याच्या रीतीत, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते: आधी खांद्याची कातडी, मग खूर, मग पाण्याची बादली.

आपल्याकडे असे घोडे का झाले नाहीत?

भारतात घोडा होता, पण तो स्वारीचा आणि पाठीवर ओझे वाहण्याचा. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचा अभिमान आपण बाळगतो, आणि ती तट्टे लहान, काटक, डोंगर चढणारी व थोड्या चाऱ्यावर भागवणारी होती. दख्खनच्या पठारावर युद्धाला तोच घोडा सोयीचा होता. ओढकाम मात्र बैलाकडेच राहिले, आणि त्याची कारणे पक्की आहेत.

पहिले कारण चारा. बैल रवंथ करतो, त्यामुळे कडबा आणि भुसा यांसारख्या जाड चाऱ्यातून तो घोड्यापेक्षा अधिक पोषण काढतो. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे ९०० किलोंच्या घोड्याला सुमारे १८ किलो, आणि जड कामाच्या दिवसांत त्यात धान्यही हवे. युरोपात बैलाच्या जागी घोडा आला तो ओटचे पीक मुबलक झाल्यावर. आपल्या कोरडवाहू शेतीत माणसाच्या तोंडची ज्वारी घोड्याला घालणे शेतकऱ्याला शक्य नव्हते. दुसरे कारण ऊन. खिल्लार बैलाची सैल कातडी, आखूड पांढरट केस आणि वशिंड हे उष्ण प्रदेशाला साजेसे आहे, तर हजार किलोंच्या केसाळ घोड्याला चैत्रातल्या दुपारी नुसते उभे राहणेही जड जाईल.

जड नांगरटीची गरज आपल्याकडेही होतीच. काळ्या रेगडीत सहा-आठ बैलांचा नांगर चालायचा. फरक असा की तिकडे एकेक जनावर मोठे करीत नेले आणि इकडे जनावरांची संख्या वाढवली. एका घरी एवढे बैल नसत, म्हणून इर्जिक घालीत. शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन येत आणि आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे रान नांगरून निघे. इंग्रजांनाही इथे जड घोडे रुजवता आले नाहीत. तोफखान्यासाठी आणि घोडदळासाठी त्यांनी ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ नावाचे मध्यम बांध्याचे घोडे जहाजांनी आणले, आणि किल्ले फोडणाऱ्या अवजड तोफांना शेवटी हत्ती आणि बैलच जुंपले.

आता त्यांना काम काय?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. ट्रॅक्टरशी स्पर्धा करून घोडा जिंकेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही काही कामे त्याच्याकडे टिकली, काही परत आली. पेनसिल्वेनिया आणि ओहायोमधले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक श्रद्धेमुळे बहुतांशी शेतात ट्रॅक्टर चालवत नाहीत, त्यांची शेती आजही बेल्जियन आणि पेर्शेराँ घोड्यांवर चालते. बेल्जियमच्या ओस्टडाउनकेर्क गावात मच्छीमार ब्राबाँ घोड्यावर बसून छातीभर समुद्रात शिरतात आणि घोडा मागे जाळे ओढत कोळंबी गोळा करतो. युनेस्कोने २०१३ मध्ये ही परंपरा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती जंगले आणि द्राक्षमळे. जंगलात निवडक झाड तोडले की ते बाहेर काढायला अवजड यंत्र आणावे लागते, त्यासाठी वाट पाडावी लागते आणि चाकांखाली माती दबून घट्ट होते. घोडा उभ्या झाडांमधून वाट काढत एकेक ओंडका बाहेर आणतो. फ्रान्समधल्या काही नामांकित द्राक्षमळ्यांनी याच कारणासाठी ओळींमधली नांगरट पुन्हा घोड्याकडे दिली आहे, कारण दरवर्षी त्याच पट्ट्यातून जाणाऱ्या ट्रॅक्टरने माती आवळली जाते आणि वेलांच्या मुळांना हवा-पाणी पोचत नाही. त्या अरुंद ओळींत वळता यावे म्हणून तिथे ब्रेताँ, कोंत्वा आणि पेर्शेराँ यांतले सात-आठशे किलोंचे, बेताच्या उंचीचे घोडे निवडतात.